अण्णासाहेबांचं नाक

मासळीचा वास मला सहन होत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच लोकांच्या नाकांबद्दल वाईट बोलणार आहे. बोंबलाची पाटी दहा पावलांवर असली तरी माझ्या पोटात ढवळतं. पदर आपोआप नाकाशी जातो आणि मी श्वास रोखून सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडते. वीस वर्षं हेच करत आलेय.

पाटी कृष्णाबाईंची. उरणकडच्या खाडीकाठच्या कोळीणबाई, वयाने माझ्याच बरोबरीच्या, म्हणजे सहासष्ट-सदुसष्टच्या. करंजाच्या बंदरावरून मासळी घेऊन टेम्पोने पनवेलजवळच्या आमच्या सुकापूरला येतात आणि नऊच्या सुमारास आमच्या फाटकाच्या डाव्या अंगाला, बदामाच्या झाडाखाली बसतात. बारापर्यंत पाटी रिकामी. सोसायटीतल्या निम्म्या घरांचा रविवार त्यांच्याच मासळीवर साजरा होतो, आणि तीच घरं लिफ्टमध्ये एकमेकांना "वास फार येतो हो हल्ली" असं सांगतात. म्हणजे तळलेल्या तुकडीला वास नाही, वास फक्त विकणारीला.

मी रमा. पनवेलच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. माझे यजमान दीनानाथ, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांनी आमच्याच इमारतीत तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला एक गाळा घेऊन ठेवला होता. त्यात मी अण्णासाहेब रिसबूड अभ्यासिका थाटली. दोन कपाटं पुस्तकं, एक टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीवर अण्णासाहेबांचा मोठा फोटो. अभ्यासाला कुणी येत नाही. मी रोज जाते, फोटो पुसते आणि बसते.

अण्णासाहेब माझं दैवत. स्वातंत्र्यासाठी अकरा वर्षं तुरुंगात काढलेला माणूस. कूळकायद्याची भाषाही कुणी बोलत नव्हतं तेव्हा त्यांनी वडिलार्जित जमीन कुळांच्या नावावर केली. पुढे दोनदा मंत्रिपद नाकारलं. दिल्लीत ते बोलायला उभे राहिले की विरोधकही चहाला उठत नसत. पण मला ते आवडतात ते यातल्या कशामुळेच नाही. मला ते आवडतात ते बेचाळीस सालच्या एका गोष्टीमुळे.

त्या साली दिवाळीनंतर अण्णासाहेब भूमिगत होते आणि उरणच्या बाजूला काशिराम नावाच्या कोळ्याच्या घरात सतरा दिवस लपले होते. अठराव्या दिवशी काशिरामने त्यांना होडीतून खाडीपलीकडे सुखरूप पोचवलं. चारच दिवसांत पोलिसांना सुगावा लागला. काशिरामला चौकीत उलटं टांगून मारलं. तो एक अक्षर बोलला नाही. अण्णासाहेब तेव्हा पुण्यात होते, कुणाच्या हाती लागणार नाहीत अशा जागी. त्यांना हे कळलं, आणि ते स्वतःच्या पायांनी परत आले. चौकीत जाऊन म्हणाले, "मी आलोय. त्याला सोडा." काशिराम सुटला. अण्णासाहेबांचा डावा पाय त्या चौकीत मोडला तो कायमचाच. एकतीस वर्षं मी ही गोष्ट वर्गात सांगितली आणि प्रत्येक वेळी माझा आवाज कापला.

त्यांच्या रोजनिशीच्या चौदा वह्या त्यांच्या पुतणीने विश्वासाने माझ्या हाती दिल्या. सहा वर्षं बसून मी त्या टाइप केल्या आणि पुस्तक छापलं. त्या सतरा दिवसांबद्दल अण्णासाहेबांनी एकाच पानावर लिहिलंय. मूळ मजकूर असा:

"माणसं सोन्यासारखी, पण या वासात श्वास घेता येत नाही. दिवसभर उपरणं नाकाला. काशिरामला सांगून घरातली आणि अंगणातली सगळी मासळी हलवायला लावली, तरी भिंतींना वास आहेच. नरक याहून वेगळा नसावा."

माझ्या पुस्तकात एवढंच छापलंय: "माणसं सोन्यासारखी..."

ती तीन टिंबं माझी. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी ती झाकली. त्याआधी चौदाही वह्या पुन्हा चाळल्या. कुठेतरी लाज वाटल्याची एक ओळ असेल, निदान "माझं चुकलं" असे दोन शब्द असतील, म्हणून. नव्हते. सापडले असते तर मी सगळं आनंदाने छापलं असतं. पश्चात्ताप झालेला थोर माणूस दाखवायला छान असतो.

कृष्णाबाई काशिरामच्या नातसून आहेत हे मला चार वर्षांपूर्वी कळलं. पंधरा जानेवारीला त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी लांबूनच, पदर नाकाला लावून, विचारलं, "काल दिसला नाहीत?"

"काल सायबांचा दिस व्हता," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात त्या दिवशी मच्छी रांधत नाय, खात नाय, इकत पन नाय. आजेसासूनं, सोनाबाईनं, घालून दिलंय."

"कोणते साहेब?"

"रिसबूडसायेब. आमच्या घरात रायले व्हते ना, इंग्रजाच्या टायमाला."

पंधरा जानेवारी ही अण्णासाहेबांची जयंती. कोळ्याच्या घरात ऐंशी वर्षं त्या दिवशी मासळी शिजत नाही, आणि मी त्यांची चरित्रकार म्हणवून घेते तर मला पत्ता नाही. त्या दिवशी मी कृष्णाबाईंशी अर्धा तास बोलले. अर्धा तास, आणि पदर नाकावरून काढला नाही. त्यांनी ते पाहिलं असणारच.

आता इंद्रजीतबद्दल. हा आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, पंचेचाळिशीचा, कुठल्याशा विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. जवळच नवा एअरपोर्ट आल्यापासून त्याला झोप नाही. सुकापूरच्या जागांचे भाव वाढले, तर मग आपलं फाटकही तसं दिसायला हवं, हा त्याचा ध्यास. नवी कमान बांधून घेतली, तिच्यावर दिवे लावले. मग एका संध्याकाळी माझ्याकडे चहाला येऊन म्हणाला, "काकू, सगळं पर्फेक्ट झालंय, फक्त त्या मच्छीवालीचं काहीतरी करायला हवं. गेस्ट आले की पहिलं वेलकम त्या वासाचंच."

आणि मी हसले. मीच, दुसरं कुणी नाही. हसून म्हणाले, "अरे, तू तर साधा माणूस. आमच्या अण्णासाहेबांनाही तो वास सहन व्हायचा नाही. सतरा दिवस नाकाला उपरणं लावून बसले होते, या कृष्णाबाईंच्याच सासरी." वर कपाटातून मूळ वहीची झेरॉक्स काढून ती ओळ त्याला दाखवली. पुस्तकात जी झाकली ती चहाच्या कपाबरोबर उघडी केली. कशासाठी, तर आपल्या नाकाला थोरामोठ्यांचा दाखला मिळतो म्हणून. त्याने मोबाइलवर फोटो काढला तेव्हाही मला काही वाटलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला. पंधरा तारखेला अण्णासाहेब रिसबूड जयंती, नव्या कमानीला त्यांचं नाव, प्रमुख वक्त्या रमाताई. अण्णासाहेबांना आश्रय देणाऱ्या कुटुंबाच्या वतीने श्रीमती कृष्णाबाई यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. आणि सर्वांत शेवटी, बारीक अक्षरांत: त्याच दिवशी प्रवेशद्वार परिसर विक्रेतामुक्त झाल्याची घोषणा.

मी ते तीनदा वाचलं. ज्या बाईला शाल द्यायची तिलाच त्याच दिवशी उठवायचं. मला शिसारी आली. तशीच उठून इंद्रजीतच्या दारात गेले.

"हे काय चाललंय? ती बाई वीस वर्षं तिथे बसते. तिचं पोट आहे त्यावर."

"काकू, म्हणून तर सत्कार ठेवलाय. रिस्पेक्टफुली एक्झिट. तिलाही बरं वाटेल," तो म्हणाला. "आणि आयडिया तुमचीच ना? मी कोट पण तुमच्याच डायरीतला घेतलाय. लोक विचारतील, पुस्तकात का नाही ही ओळ. तेव्हा तुम्ही सांभाळून घ्या."

तो धमकी देत नव्हता. तेवढी अक्कल त्याला नाही. पण मला पुढचं सगळं दिसलं. पुस्तकातली तीन टिंबं चव्हाट्यावर येणार, संपादिकेने मजकूर दडवला म्हणून चार विद्वान नाकाने कांदे सोलणार. मी परत आले. त्यानंतरचे आठ दिवस कृष्णाबाई रोज बदामाखाली बसल्या होत्या, मी रोज तिथून जात होते, आणि मी त्यांना काहीही सांगितलं नाही. एकदा त्यांनीच हाक मारली. "बाई, माझा सत्कार हाय म्हनतात. लुगडं कंचं नेसू?" मी म्हटलं, "हिरवं." आणि श्वास रोखून पुढे गेले.

पंधरा तारखेला सकाळी कमानीवर फ्लेक्स लागला. कमिटीतल्या सात जणांचे हात जोडलेले चेहरे मोठे, अण्णासाहेब कोपऱ्यात तिकिटाएवढे. मध्ये ठळक अक्षरांत: "या वासात श्वास घेता येत नाही." खाली अण्णासाहेबांचं नाव, आणि त्याखाली "चला, आपले प्रवेशद्वार स्वच्छ ठेवूया." पार्किंगमध्ये मांडव घातला होता. शंभरेक खुर्च्या. मागे समोशांच्या पेट्या.

कृष्णाबाई हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून आल्या. फ्लेक्ससमोर थांबून त्यांनी एकेक अक्षर लावत तो पूर्ण वाचला. मग आत येऊन पहिल्या रांगेत, सांगितलेल्या खुर्चीवर बसल्या. माझ्याकडे एकदा पाहिलं. मला त्यांच्याकडे पाहता आलं नाही.

पुढचं मी जसं पाहिलं तसंच सांगते. इंद्रजीतने माइकवर त्यांचं नाव पुकारलं. त्या पायऱ्या चढायला लागल्या. तेवढ्यात त्याने टेबलाखालून एक स्प्रेचा डबा काढला आणि त्या येण्याआधी व्यासपीठावर इकडून तिकडे फवारा मारला. मोगऱ्याचा. दुष्टपणाने नाही. बाथरूममधून बाहेर येताना मारतात तसा, सवयीने. पहिल्या दोन रांगांत कुणीतरी हसलं.

कृष्णाबाई मधल्या पायरीवर थांबल्या. फवारा खाली बसेपर्यंत थांबल्या. मग वर येऊन शाल घेतली, नारळ घेतला. दोन शब्द बोला म्हणून त्यांच्यापुढे माइक धरला, तर त्यांनी तो हातात घेतला.

"आज मी मच्छीला हात लावला नाय," त्या म्हणाल्या. "काल दुपारपासून नाय. सकाली आंघोल करून आले. आज सायबांचा दिस हाय, म्हनून. तरी वास येतो तुमाला?"

इंद्रजीत डबा पाठीमागे धरून उभा होता.

"ते भायेर लिवलंय ते मी वाचलं," कृष्णाबाई बोलत राहिल्या. आवाज चढलेला नव्हता, पाटीशी बसून भाव सांगावा इतका साधा होता. "ते खरंच हाय. सायबांना वास नाय चालायचा. आजेसासू सांगायची, सतरा दिस चुलीवर मच्छी चढली नाय. अंगनातल्या बांबूवरले बोंबील काढून शेजारी नेले. पोरं नुसत्या भातावर. आनि त्यातच घोटाला झाला. दिवाली झाली, सगल्या गावात बोंबील सुकतायत, आनि एकट्या काशिरामच्या अंगनात बांबू रिकामे. पोलिसाला तिथंच शक आला. कोल्याच्या घरात मच्छी नाय, म्हंजे कोनतरी पावना हाय."

हे मला ठाऊक नव्हतं. मासळी हलवायला लावली ही ओळ मी स्वतः टाइप केली होती आणि स्वतःच्या हाताने खोडली होती. काशिराम का सापडला, हे मी एकतीस वर्षं मुलांना "फितुरी झाली असावी" म्हणून सांगत आले. गाव बिचारं फितूर नव्हतंच. माझ्याच देवाच्या नाकाने काशिरामला टांगलं होतं, आणि ते मी तीन टिंबांखाली पुरलं होतं.

"आजेसासऱ्याला झोडला तो सायबांच्या नाकापायी," कृष्णाबाई म्हणाल्या. "आनि सायबांचा पाय मोडला तो आमच्यापायी. त्यांना वास आवडत नव्हता, तरी ते परत आले. ज्याला आपला वास आवडतो तो येईल, त्यात काय मोठं? सोनाबाई बोलायची, काय काय देवांना मच्छी नाय चालत. म्हनून काय तो देव वायट? पन देवाला नाय चालत म्हनून आपन खायाचं सोडत नाय. वर्साचा एक दिस सोडतो. सायबांना एक दिस दिला, तुमाला नाय देनार." त्यांनी माइक परत इंद्रजीतच्या हातात दिला आणि खाली उतरल्या.

मग माझं भाषण होतं. वीस मिनिटांचं लिहून आणलं होतं, ते मी पर्समधून काढलंच नाही. उठून मूळ ओळ वाचली, सगळी, नरकापर्यंत. म्हटलं, ही मी दडवली. म्हटलं, या माणसाला मी आजही नमस्कार करते, त्याचा भाऊबंद शोभेल असं आपल्यापैकी कुणी नाही. पण आपण त्याचं सगळं सोडून नेमकं नाक तेवढं घेतलंय. पाय कुणी घेतला नाही. मोठ्या माणसाची घाण उकरून त्याला खाली ओढणाऱ्यांची मला किळस येते. त्याच्या घाणीला अत्तर लावून ती कमानीवर टांगणाऱ्यांची त्याहून येते. आणि सगळ्यात जास्त किळस मला माझी येते, कारण इंद्रजीतला ती ओळ मी दिली, हसत हसत, चहाबरोबर.

टाळ्या पडल्या. चांगल्या कडकडीत पडल्या. एका बाईंनी डोळेसुद्धा पुसले. इंद्रजीत म्हणाला, "काकूंनी आपल्याला अंतर्मुख केलं." मग त्याने घोषणा वाचली, प्रवेशद्वार विक्रेतामुक्त झालं, पुन्हा टाळ्या पडल्या, आणि लोक समोशांकडे गेले. माझ्या आयुष्यात इतकं घाणेरडं मला काही वाटलं नाही, ना मासळी, ना गटार. आपण खरं बोलावं आणि ते समोशाबरोबर पचून जावं.

कृष्णाबाई शाल काखोटीला मारून फाटकाकडे निघाल्या होत्या. मी मागून गेले.

"तुम्हाला आधी सांगायला हवं होतं मी," म्हटलं.

"हां," त्या म्हणाल्या. नाही वगैरे म्हणाल्या नाहीत.

"उद्यापासून माझ्या गाळ्यापुढे बसा. ओटा माझ्या मालकीचा आहे. तिथून तुम्हाला कुणी उठवू शकत नाही."

त्यांनी गाळ्याकडे पाहिलं. दाराच्या काचेतून अण्णासाहेबांचा फोटो दिसत होता. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या पदराकडे.

"तुमाला सहन व्हईल?"

"नाही होणार."

"मंग?"

"मग काही नाही. तुम्ही बसा."

दुसऱ्या दिवशी त्या नऊला आल्या. ओट्यावर पाटी ठेवली, विळी मांडली. आत टेबलाशी बसलेल्या मला पाच मिनिटांत मळमळलं, दहाव्या मिनिटाला मी मोरीत जाऊन ओकले. तोंड धुऊन परत येऊन बसले. इंद्रजीतची नोटीस आली. मी तिच्या पाठीवर "गाळा माझा, ओटा माझा, नाक माझं" असं लिहून ती परत पाठवली. लिफ्टमध्ये माझ्याशी कुणी बोलत नाही. रविवारी तीच मंडळी ओट्याशी येऊन सुरमईचा भाव करतात आणि आत माझ्याकडे बघत नाहीत. पुस्तकाच्या उरलेल्या प्रतींत मी रोज थोड्या थोड्या करून, टिंबांच्या जागी, हाताने ती ओळ लिहिते आहे.

असं वाटलं होतं की सवय होईल. लोक सांगतात तसं चार दिवसांत वास कळेनासा होईल. झालं नाही. माणसाचं नाक मन मोठं केल्याने बदलत नाही, हे आता मला पक्कं ठाऊक आहे. अण्णासाहेबांचंही बदललं नसणार. ते त्याच नाकाने परत आले.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांचा फोटो आतल्या भिंतीवरून काढला आणि ओट्याकडच्या खिडकीत, पाटीच्या अगदी वर, आत तोंड करून लावला. मागून वास, पुढून मी. बसा म्हटलं, आपण दोघांनी इथेच बसायचं. कृष्णाबाई हसल्या आणि म्हणाल्या, "बाई, त्यांचे हाल कशाला करता?"

आज अठरावा दिवस. सकाळपासून पाटीत बोंबील आहेत, ताजे, लिबलिबीत. माझ्या पोटात ढवळतंय. पदर खांद्यावर आहे.